कृत्रिम कॅनाबिनॉइड आणि त्यांचे कायदेशीर नियंत्रण

कृत्रिम कॅनाबिनॉइड ही प्रयोगशाळेत तयार केलेली रासायनिक संयुगे आहेत. गांजातील मुख्य नशाकारक घटक मेंदूतील ज्या ग्राहींवर परिणाम करतो, त्याच ग्राहींवर ही संयुगे परिणाम करतात. ती गांजाच्या झाडात आढळत नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांची रासायनिक रचना गांजातील घटकांपेक्षा पूर्णपणे वेगळी असते. वाळलेल्या वनस्पतींच्या चुऱ्यावर फवारून ती 'स्पाइस', 'के-टू' अशा नावांनी विकली गेली. त्यामुळे 'कृत्रिम गांजा' हे नाव रूढ झाले. मात्र या पदार्थांचे परिणाम गांजापेक्षा तीव्र आणि अनिश्चित असल्याने हे नाव दिशाभूल करणारे आहे.

इ.स. २००८ नंतर जगातील अनेक देशांनी या संयुगांवर बंदी घातली. परंतु एका संयुगावर बंदी येताच त्याच्या रचनेत किरकोळ बदल करून बनवलेले दुसरे संयुग बाजारात येते, आणि ते पहिल्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे गुन्हेगारी कायद्याने पदार्थाचे वर्णन नेमके कसे करावे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

संज्ञा आणि प्रकार

कॅनाबिनॉइड या संज्ञेत साधारणपणे तीन प्रकारच्या संयुगांचा समावेश होतो. पहिला प्रकार गांजाच्या झाडात आढळणाऱ्या संयुगांचा. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हे त्यांतील प्रमुख नशाकारक संयुग होय. दुसरा प्रकार मानवी शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या संयुगांचा. यांपैकी १९९२ मध्ये ओळखल्या गेलेल्या संयुगाला संशोधकांनी संस्कृतमधील 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. तिसरा प्रकार प्रयोगशाळेत रचलेल्या संयुगांचा असून प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रयोगशाळेत बनलेले प्रत्येक कॅनाबिनॉइड बेकायदेशीर नसते. ड्रोनाबिनॉल म्हणजे कृत्रिमरीत्या तयार केलेले टीएचसीच होय, तर नॅबिलोनची रचना टीएचसीशी मिळतीजुळती आहे. कर्करोगावरील औषधोपचारामुळे होणारी मळमळ व उलट्या रोखण्यासाठी काही देशांत ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिली जातात. त्यांची मात्रा ठरलेली असते आणि त्यांच्या चाचण्या माणसांवर झालेल्या असतात. बाजारातील 'स्पाइस'सारख्या पदार्थांना यांतील एकही गोष्ट लागू होत नाही.

इतिहास

संशोधनाचा टप्पा

इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये शुद्ध टीएचसी वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. गांजाचे वेदनाशामक गुण नशेपासून वेगळे करता येतील का, या प्रश्नाचा शोध त्यानंतर औषध कंपन्या आणि विद्यापीठे घेऊ लागली. फायझर कंपनीतील संशोधकांनी 'सीपी' मालिकेतील संयुगे बनवली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात 'एचयू-२१०' हे अतिशय प्रभावी संयुग तयार झाले. १९९० मध्ये मेंदूतील 'सीबी-१' या ग्राहीचे जनुक ओळखले गेले, तर १९९३ मध्ये मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींत आढळणाऱ्या 'सीबी-२' या ग्राहीचा शोध लागला.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातील क्लेमसन विद्यापीठात जॉन डब्ल्यू. हफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्राहींच्या अभ्यासासाठी शेकडो संयुगे तयार केली. हफमन यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही मालिका 'जेडब्ल्यूएच' या नावाने ओळखली जाते. हे संशोधन सरकारी अनुदानावर चालले होते आणि त्याचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत रीतसर प्रसिद्ध होत होते. हे लेखन जगात कोणालाही वाचण्यास उपलब्ध होते आणि पुढील गैरवापराला त्याचाच आधार मिळाला. माणसांवर कधीही चाचणी न झालेली ही संयुगे घेणे जिवाशी खेळण्यासारखे आहे, असा इशारा हफमन यांनी नंतर वृत्तपत्रांतून वारंवार दिला.

बाजारातील प्रवेश

साधारणपणे २००४ पासून युरोपमध्ये 'स्पाइस' या नावाची चकचकीत पाकिटे दुकानांतून व इंटरनेटवरून विकली जाऊ लागली. पाकिटावर वनस्पतींची नावे छापलेली असत आणि आतील माल 'धूप' असल्याचे व 'मानवी सेवनासाठी नाही' असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात लोक तो ओढत आणि त्यांना गांजासारखी नशा येई. नेहमीच्या चाचण्यांत मात्र काहीच सापडत नसे. छापलेल्या वनस्पतींच्या गुणांनी या नशेचा उलगडा होत नव्हता.

डिसेंबर २००८ मध्ये फ्रँकफर्ट येथील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेला या चुऱ्यात 'जेडब्ल्यूएच-०१८' सापडले. त्याच सुमारास फ्रायबर्ग विद्यापीठातील न्यायवैद्यक संशोधकांना 'सीपी-४७,४९७' या संयुगाचा एक प्रकार आढळला. नशा वनस्पतींची नसून त्यांवर फवारलेल्या रसायनाची होती, हे यामुळे स्पष्ट झाले. जर्मनीने २२ जानेवारी २००९ रोजी या संयुगांवर बंदी आणली. बंदीनंतर सुमारे चारच आठवड्यांत बाजारात नवी पाकिटे आली आणि त्यांत 'जेडब्ल्यूएच-०७३' होते. बंदी घातलेल्या संयुगाशी ते जवळपास सारखेच होते. फक्त त्याच्या साखळीत कार्बनचा एक अणू कमी होता.

रासायनिक रचना

या संयुगांची रचना समजावून सांगताना रेणूचे चार भाग कल्पिले जातात: गाभा, शेपूट, दुवा आणि शीर्ष. गाभा बहुधा इंडोल किंवा इंडॅझोल या वलयाचा असतो. त्याला एका बाजूने कार्बनच्या साखळीची शेपूट जोडलेली असते, तर दुसऱ्या बाजूने दुव्याच्या साहाय्याने शीर्ष जोडलेले असते. यांपैकी कोणताही एक भाग बदलला तरी संयुग ग्राहीला चिकटण्याचा गुण टिकवून ठेवू शकते, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते नवे संयुग ठरते.

'जेडब्ल्यूएच-०१८'च्या शेपटीत पाच कार्बन अणू असतात. एक अणू कमी केला की 'जेडब्ल्यूएच-०७३' मिळते, आणि शेपटीच्या टोकाला फ्लोरीनचा अणू जोडला की 'एएम-२२०१' हे अधिक प्रभावी संयुग मिळते. पुढच्या पिढीत शीर्षाचा भाग बदलून 'यूआर-१४४' आणि 'एक्सएलआर-११' ही संयुगे बाजारात आली. त्यानंतर दुवा आणि काहींच्या बाबतीत गाभाही बदलून 'एबी-फुबिनाका', 'एमडीएमबी-चमिका', '५एफ-एडीबी' यांसारखी संयुगे आली. यांतील काहींचा उगम औषध कंपन्यांनी पूर्वी घेतलेल्या पेटंटांत सापडतो, तर काही संयुगे शास्त्रीय साहित्यात कोठेही वर्णिलेली नाहीत. काही नावेही विक्रेत्यांनीच रूढ केली. 'एकेबी-४८' हे नाव एका जपानी गायनसमूहाचे आहे, तर 'एक्सएलआर-११' हे एका अमेरिकी रॉकेट इंजिनाचे आहे.

निर्मिती आणि विक्री

मूळ संयुगाची शुद्ध भुकटी दीर्घकाळ प्रामुख्याने चीनमधील रासायनिक कारखान्यांतून येत असे. ती टपालाने किंवा कुरिअरने मागवली जाई. एक किलो भुकटीपासून हजारो मात्रा तयार होतात. त्यामुळे गांजाच्या तुलनेत तिची वाहतूक आणि लपवणूक सोपी असते. ही भुकटी ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून डामियाना वा तत्सम वनस्पतींच्या वाळलेल्या पानांवर फवारतात आणि द्रावक उडून गेल्यावर पाने पाकिटांत भरतात.

फवारणी कोणत्याही मोजमापाशिवाय केली जाते. त्यामुळे एकाच पाकिटातील काही भागात रसायन अत्यल्प, तर काही भागात कित्येक पटींनी जास्त असते. एकाच नावाच्या दोन पाकिटांत दोन वेगळी संयुगेही आढळतात. विषबाधेच्या अनेक घटनांचे मूळ या असमानतेत आहे. अलीकडे ही संयुगे ई-सिगारेटच्या द्रवात मिसळलेली आढळतात. तुरुंगांत ती पत्राच्या किंवा चित्राच्या कागदात मुरवून पाठवली जातात. या कारणाने ब्रिटनमधील काही तुरुंगांत कैद्यांना मूळ पत्राऐवजी त्याची छायाप्रत देण्याची पद्धत सुरू झाली.

गांजाच्या सेवनासाठी लघवीची जी नेहमीची चाचणी केली जाते, ती टीएचसीच्या चयापचयातून निर्माण होणाऱ्या घटकाचा शोध घेते. कृत्रिम कॅनाबिनॉइड तिच्यात दिसत नाहीत. त्यामुळे ज्यांची नियमित तपासणी होते असे सैनिक, कैदी आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली असलेले लोक या पदार्थांकडे वळल्याचे अनेक देशांत दिसून आले.

शरीरावरील परिणाम

टीएचसी हे सीबी-१ ग्राहीचे आंशिक उद्दीपक आहे. म्हणजे मात्रा वाढवली तरी ग्राहीला मिळणाऱ्या उद्दीपनाला मर्यादा असते. बहुतेक कृत्रिम कॅनाबिनॉइड पूर्ण उद्दीपक असतात आणि त्यांच्याबाबतीत ही मर्यादा राहत नाही. सीबी-१ ग्राही मेंदूखेरीज हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि पचनसंस्थेतही असल्याने परिणाम सर्व शरीरावर होतात.

तीव्र भीती, भ्रम, आक्रमकता, हृदयाचे ठोके वाढणे, उलट्या, फिट येणे आणि बेशुद्धी ही प्रमुख लक्षणे आहेत. हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे हे परिणामही तरुणांत नोंदले गेले आहेत. वारंवार सेवन करणाऱ्यांत अवलंबित्व निर्माण होते. सेवन थांबवल्यास अस्वस्थता, घाम, निद्रानाश आणि क्वचित फिट अशी लक्षणे दिसतात. या विषबाधेवर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि शरीराचे तापमान सांभाळणे व फिट किंवा तीव्र अस्वस्थतेसाठी बेन्झोडायझेपिन गटातील औषधे देणे, हेच उपचाराचे स्वरूप असते.

सामूहिक विषबाधेच्या पुढील घटना विशेष नोंदल्या गेल्या आहेत:

२०१२: अमेरिकेतील सहा राज्यांत मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेले १६ रुग्ण आढळले. त्यांतील अनेकांच्या बाबतीत 'एक्सएलआर-११' या संयुगाशी संबंध दिसून आला.

२०१६: न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १२ जुलै रोजी एकाच परिसरात ३३ जणांना बाधा झाली. शून्य नजरेने मंदपणे हालचाल करणाऱ्या या लोकांचे वर्णन वृत्तपत्रांनी 'झॉम्बी' असे केले. तपासात 'एएमबी-फुबिनाका' हे संयुग आढळले. त्याचा प्रभाव टीएचसीच्या सुमारे ८५ पट असल्याचे संशोधकांनी नमूद केले.

२०१८: इलिनॉय राज्यात दीडशेहून अधिक लोक अनियंत्रित रक्तस्रावाने आजारी पडले आणि काहींचा मृत्यू झाला. त्यांनी ओढलेल्या मालात 'ब्रोडिफाकूम' हे उंदीर मारण्याचे औषध मिसळलेले होते. या रुग्णांना दीर्घकाळ जीवनसत्त्व 'के' द्यावे लागले.

कायदेशीर नियंत्रणाच्या पद्धती

गुन्हा आणि शिक्षा कायद्यात आधीच स्पष्टपणे लिहिलेली असली पाहिजे, हे आधुनिक फौजदारी कायद्याचे मूलतत्त्व आहे. ज्या कृत्याला ते केले त्या दिवशी कायद्याने गुन्हा ठरवलेले नव्हते, त्याबद्दल शिक्षा देता येत नाही. नागरिकाला संरक्षण देणारे हे तत्त्वच नवनवीन संयुगे विकणाऱ्यांना पळवाट उपलब्ध करून देते. ती बुजवण्यासाठी निरनिराळ्या देशांनी चार प्रमुख पद्धती अवलंबिल्या आहेत.

नामनिर्देशित सूची

या पद्धतीत प्रत्येक संयुगाचे नाव स्वतंत्रपणे सूचीत घातले जाते. कोणता पदार्थ बेकायदेशीर आहे याबद्दल संदिग्धता राहत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र संयुग ओळखणे, त्याचे दुष्परिणाम नोंदवणे आणि अधिसूचना काढणे यांत बराच काळ जातो. हा विलंब कमी करण्यासाठी काही देशांनी तात्पुरत्या बंदीची तरतूद केली. अमेरिकेच्या अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाने १ मार्च २०११ रोजी पाच कृत्रिम कॅनाबिनॉइडांवर अशी तात्पुरती बंदी घातली. २०१२ च्या कायद्याने अशा तात्पुरत्या बंदीची कमाल मुदत वाढवण्यात आली.

गटवार व्याख्या

या पद्धतीत एका संयुगाऐवजी रचनेचा सांगाडा वर्णिला जातो आणि त्यावर होऊ शकणारे बदलही व्याख्येत समाविष्ट केले जातात. ब्रिटनने डिसेंबर २००९ मध्ये अशी व्याख्या स्वीकारली. अमेरिकेच्या २०१२ च्या कायद्याने पाच रचनागट निश्चित केले. जपानने २०१३ मध्ये एकाच वेळी शेकडो संयुगे नियंत्रणाखाली आणली. चीनने १ जुलै २०२१ पासून या संयुगांच्या संपूर्ण वर्गावर नियंत्रण आणले. त्यासाठी सात रचनागटांची व्याख्या करण्यात आली.

व्याख्या अरुंद असेल तर नवे संयुग तिच्याबाहेर राहते आणि ती फार रुंद असेल तर निरुपद्रवी रसायने तिच्यात सापडतात. ब्रिटनने २०१६ मध्ये केलेल्या विस्तृत व्याख्येत औषधनिर्मितीच्या संशोधनातील अनेक संयुगे अनवधानाने आली. परिणामी २०१९ मध्ये ती व्याख्या आकुंचित करावी लागली. चीनच्या नियंत्रणानंतर वेगळ्या गाभ्याची, पूर्वीच्या कोणत्याच गटात न बसणारी संयुगे बाजारात दिसू लागली.

सादृश्यावर आधारित कायदा

अमेरिकेत १९८६ पासून असा कायदा आहे. रचना आणि परिणाम या दोन्ही बाबतींत बंदी असलेल्या पदार्थाशी भरीव साम्य असलेला आणि मानवी सेवनासाठी असलेला पदार्थ या कायद्यानुसार बंदी असलेल्या पदार्थासारखाच मानला जातो. पाकिटांवर 'मानवी सेवनासाठी नाही' असे छापण्यामागे ही अट टाळण्याचा हेतू होता. 'भरीव साम्य' म्हणजे किती साम्य, याबद्दल दोन्ही बाजूंचे रसायनतज्ज्ञ न्यायालयात परस्परविरोधी साक्ष देतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मॅकफॅडन खटल्यात आरोपीच्या माहितीचा प्रश्न निकाली काढला. आपण नियंत्रित पदार्थ हाताळत आहोत हे आरोपीला ठाऊक होते, किंवा पदार्थाला सादृश्य देणारी वैशिष्ट्ये त्याला ठाऊक होती, हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असा तो निर्णय होता.

परिणामावर आधारित सर्वंकष बंदी

या पद्धतीत रचनेचा विचारच न करता मेंदूवर होणाऱ्या परिणामाच्या आधारे पदार्थ नियंत्रित केला जातो. आयर्लंडने २०१० मध्ये असा कायदा केला. ब्रिटनचा याच स्वरूपाचा कायदा २६ मे २०१६ रोजी अमलात आला. त्यातून मद्य, निकोटिन, कॅफिन, अन्नपदार्थ आणि औषधे वगळण्यात आली आहेत. निर्मिती व विक्रीसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असली, तरी तुरुंगासारखी ठिकाणे सोडल्यास केवळ स्वतःजवळ बाळगणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. कायद्यानंतर उघड विक्री करणारी दुकाने बंद झाली. मात्र विक्री रस्त्यांवरील विक्रेत्यांकडे गेली आणि बेघर लोक व कैदी यांच्यातील सेवन ही गंभीर समस्या म्हणून राहिली.

औषधविषयक कायद्याचा वापर

सूचीत नसलेल्या संयुगांच्या विक्रेत्यांवर जर्मनीत काही काळ औषधविषयक कायद्याखाली खटले भरले गेले. युरोपीय न्यायालयाने १० जुलै २०१४ रोजी हा मार्ग बंद केला. जो पदार्थ केवळ नशेसाठी घेतला जातो, आरोग्यास उपकारक नसतो आणि उलट हानिकारक असतो, त्याला औषध म्हणता येणार नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला. त्यानंतर जर्मनीने नव्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांसाठी गटवार व्याख्येचा स्वतंत्र कायदा केला. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये अमलात आला.

न्यूझीलंडचा प्रयोग

न्यूझीलंडने २०१३ मध्ये वेगळा मार्ग अवलंबिला. आपला पदार्थ अल्प धोक्याचा आहे हे उत्पादकाने चाचण्यांद्वारे सिद्ध करावे आणि तसे केल्यास त्याला विक्रीचा परवाना मिळावा, अशी कायद्याची कल्पना होती. म्हणजेच पदार्थ घातक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर न ठेवता, तो सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली. दरम्यानच्या काळासाठी काही उत्पादनांना अंतरिम परवानगी देण्यात आली.

दुकानांसमोरील गर्दी आणि दुष्परिणामांच्या तक्रारी यांमुळे लोकमत विरोधात गेले. मे २०१४ मध्ये दुरुस्ती करून सर्व अंतरिम परवानग्या रद्द करण्यात आल्या. सुरक्षितता सिद्ध करण्यासाठी प्राण्यांवरील चाचण्यांचा आधार घेण्यास याच दुरुस्तीने मनाई केली, त्यामुळे नवा परवाना मिळणे व्यवहारतः अशक्य झाले. कायदा पुस्तकात राहिला, परंतु विक्री काळ्या बाजारात गेली. २०१७ पासून 'एएमबी-फुबिनाका'शी संबंधित अनेक मृत्यू झाले. २०१९ मध्ये हे संयुग आणि '५एफ-एडीबी' यांना सर्वांत कठोर शिक्षेच्या वर्गात घालण्यात आले. त्याच दुरुस्तीने केवळ सेवन करणाऱ्यावर खटला भरण्यापूर्वी आरोग्यविषयक उपाय अधिक हितकारक ठरेल का, याचा विचार करण्यास पोलिसांना सांगितले.

आंतरराष्ट्रीय करार

गांजा १९६१ च्या, तर टीएचसी १९७१ च्या संयुक्त राष्ट्र करारान्वये नियंत्रित आहे. कृत्रिम कॅनाबिनॉइड स्वतंत्र संयुगे असल्याने या नोंदींत आपोआप येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनंतर मार्च २०१५ मध्ये 'जेडब्ल्यूएच-०१८' आणि 'एएम-२२०१' यांचा १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत समावेश झाला. त्यानंतर आणखी संयुगे एकेक करून घेण्यात आली. 'जेडब्ल्यूएच-०१८' बाजारात ओळखले गेल्यानंतर त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण येण्यास सहा वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत अनेक देशांच्या बाजारात त्याची जागा नव्या संयुगांनी घेतली होती. युरोपीय संघाची पूर्वसूचना यंत्रणा आजवर दोनशेहून अधिक कृत्रिम कॅनाबिनॉइडांवर लक्ष ठेवत आली आहे.

भारतातील कायदा

भारतात या विषयाला गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) लागू होतो. या कायद्यातील 'कॅनबिस'ची व्याख्या वनस्पतीवर आधारलेली आहे. तिच्यात चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे येतात. प्रयोगशाळेत बनलेले संयुग झाडापासून मिळत नसल्याने ते या व्याख्येत बसत नाही.

'मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ' या संज्ञेत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही पदार्थ येतात, परंतु त्यांचे नाव कायद्याच्या अनुसूचीत असणे आवश्यक असते. म्हणजेच भारताची पद्धत मुख्यतः नामनिर्देशित सूचीची आहे. कलम ३ अन्वये केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे अनुसूचीत भर घालू शकते. त्यासाठी पदार्थाच्या दुरुपयोगाविषयीची माहिती किंवा आंतरराष्ट्रीय करारातील बदल हा आधार असतो. नाव अनुसूचीत येण्यापूर्वी केलेल्या विक्रीबद्दल त्या नोंदीच्या आधारे शिक्षा देता येत नाही, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) ने पूर्वलक्षी दंडविधानास मनाई केली आहे.

या पद्धतीतील विलंबाचा अनुभव महाराष्ट्राने मेफेड्रोन या पदार्थाच्या बाबतीत घेतला आहे. मेफेड्रोन हे कॅनाबिनॉइड नव्हे, तर उत्तेजक द्रव्य आहे. तथापि कायदेशीर पेच सारखाच होता. 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' या नावाने ते मुंबईत मोठ्या प्रमाणावर विकले जात असतानाही अनुसूचीत नव्हते, त्यामुळे पोलिसांना एनडीपीएस कायद्याची कलमे लावता येत नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने त्याचा अनुसूचीत समावेश केल्यानंतर ही अडचण दूर झाली.

अनुसूचीतील पदार्थाच्या बाबतीत शिक्षा त्याच्या वजनावर अवलंबून असते. कलम २२ नुसार अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, तर व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षांचा सश्रम कारावास आणि एक ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. गांजाचे व्यापारी प्रमाण २० किलो, तर मेफेड्रोनचे ५० ग्रॅम आहे. मिश्रणाचे वजन कसे मोजावे हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग खटल्यात, शुद्ध अमली घटकाचेच नव्हे तर त्यात मिसळलेल्या निष्क्रिय पदार्थासह एकूण मिश्रणाचे वजन धरावे, असा निर्णय दिला. एलएसडी या पदार्थाच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ज्या कागदात तो मुरवला असेल त्या कागदाचे वजनही मोजावे, असे ठरवले. हा न्याय पानांवर फवारलेल्या किंवा कागदात मुरवलेल्या कॅनाबिनॉइडला लावल्यास काही मिलिग्रॅम रसायनासाठी सर्व चुऱ्याचे वजन मोजले जाऊ शकते.

व्यसनमुक्तीसाठी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे.

अंमलबजावणीतील अडचणी

कायदा कोणत्याही पद्धतीचा असला, तरी जप्त केलेला पदार्थ कोणता आहे हे प्रयोगशाळेने सिद्ध करावे लागते. त्यासाठी त्या संयुगाचा शुद्ध संदर्भनमुना तुलनेसाठी हाताशी असणे आवश्यक असते. नव्या संयुगाचा असा नमुना उपलब्ध होण्यास वेळ लागतो. शरीरात या संयुगांचे विघटन लवकर होते, त्यामुळे रक्तात किंवा लघवीत मूळ संयुग न सापडता केवळ त्याचे चयापचयजन्य घटक सापडतात. ते घटकही आधी ओळखलेले असावे लागतात. रुग्णालयात आणलेल्या व्यक्तीने नेमके काय घेतले होते, हे तिला स्वतःला किंवा विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

मूल्यमापन

नियंत्रणाच्या समर्थकांच्या मते बंदीमुळे हे पदार्थ दुकानांतून आणि सहज दिसणाऱ्या संकेतस्थळांवरून हटले, तसेच ते कायदेशीर असल्याने सुरक्षित आहेत हा तरुणांमधील गैरसमज दूर झाला. मोठ्या गटवार व्याख्यांमुळे नव्या संयुगांच्या आगमनाचा वेग मंदावल्याचेही ते दाखवून देतात.

टीकाकारांच्या मते प्रत्येक बंदीने परिचित संयुगाची जागा अपरिचित संयुगाला मोकळी करून दिली, आणि प्रत्येक वेळी सेवन करणाऱ्यावर नव्या रसायनाची पहिली चाचणी झाली. 'जेडब्ल्यूएच-०१८'पासून 'एएमबी-फुबिनाका'पर्यंतचा प्रवास अधिकाधिक प्रभावी संयुगांकडे झालेला आहे. तुरुंग आणि बेघर वस्त्या यांसारख्या ठिकाणी शिक्षेच्या भीतीपेक्षा उपचार, निवारा आणि वेळेवर मिळणारी धोक्याची सूचना अधिक उपयोगी पडते, असे या मताचे अभ्यासक मानतात.

सद्यस्थिती

अलीकडच्या काळात दोन नवे प्रकार पुढे आले आहेत. पहिल्या प्रकारात टीएचसीचे प्रमाण अत्यल्प असलेल्या हेम्पच्या फुलांवर कृत्रिम कॅनाबिनॉइड फवारून तो माल गांजा म्हणून विकला जातो. घेणाऱ्याला आपण कृत्रिम संयुग ओढत आहोत याची कल्पनाही नसते. दुसऱ्या प्रकारात हेम्पमधून मिळणाऱ्या कॅनाबिडिऑलवर रासायनिक प्रक्रिया करून हेक्साहायड्रोकॅनाबिनॉल (एचएचसी) यांसारखी अर्धकृत्रिम संयुगे बनवली जातात. ती युरोपात २०२२ पासून दुकानांतून उघडपणे विकली जाऊ लागली. मार्च २०२५ मध्ये एचएचसीचा १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत समावेश करण्याचा निर्णय झाला.